नेकारसुल्ममधलं मार्लो बेंड

डावा हात कोपरात वाकवायचा, उजव्या हाताचं बोट कोपराच्या टोकावर टेकवायचं आणि म्हणायचं, "ही नदी. आणि हे इथं गाव."

काकांची स्वतःची ओळख करून देण्याची ही पद्धत होती. नाव नंतर सांगायचे. कधी ते राहूनच जायचं. आम्ही जर्मनीतल्या नेकारसुल्मला राहायला आलो त्या दिवशी आमचा फ्रिज जिन्याच्या वळणावर अडकला होता. नवरा वरून ओढत होता, मी खालून ढकलत होते आणि आम्ही दोघं मराठीत भांडत होतो. तिसऱ्या मजल्यावरून हे गृहस्थ उतरले, फ्रिजकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "दार काढा त्याचं, तेवढ्याने जाईल." दार काढलं, फ्रिज गेला. आम्ही आभार मानायच्या आत त्यांनी हात कोपरात वाकवला. मला वाटलं, उचलताना लचक भरली. मी बर्फ शोधायला धावले. पण बर्फ त्याच फ्रिजमध्ये, आणि फ्रिज तर बंद!

गाव म्हणजे नेकारसुल्म नव्हे. गाव म्हणजे मार्लो बेंड, ओहायो, अमेरिका. काका तिथं कधीही गेलेले नव्हते.

मला गोष्टी क्रमाने लागतात, तेव्हा क्रमाने सांगते. काका मूळचे कऱ्हाडचे. तरुणपणी जर्मनीत आले आणि इथल्या गाड्यांच्या कारखान्यात मोजमापाच्या खोलीत चिकटले. गाडीचा दरवाजा, इंजिनाचा भाग, जे काही तयार होईल ते तिथं येतं आणि केसाच्या जाडीच्या हिशेबात मोजलं जातं. काकू मुलगी शाळेत असतानाच गेल्या. मुलीला काकांनी एकट्याने वाढवलं. ते मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची आणि दोघांचं उत्तम चालायचं. मग मुलगी शिकायला मार्लो बेंडच्या कॉलेजात गेली, तिथंच पाणीपुरवठ्याच्या खात्यात लागली, तिथंच तिने लग्न केलं.

ती विमानात बसली त्या दिवसापासून काकांनी ते गाव मोजायला घेतलं.

"माणूस नेमका कुठे उभा आहे ते कळल्याशिवाय तो तिथं आहे असं म्हणायचं कसं?" ते मला विचारायचे. मी म्हणायचे, "काका, फोन करायचा." ते म्हणायचे, "फोनवर नुसता आवाज असतो, ताई. आवाजाला जागा नसते."

त्यांनी जुने नकाशे मिळवले. उपग्रहाची चित्रं पाहिली. गावच्या नगरपालिकेच्या सभांची चित्रफीत इंटरनेटवर येते, ती सकाळच्या चहाबरोबर लावायला लागले. कुत्र्यांना बागेत मोकळं सोडावं का यावर तिथं महिनोन् महिने वाद चालला होता. काका बिस्किट बुडवता बुडवता म्हणायचे, "चौथ्या वॉर्डाचा माणूस आज फारच ताणून बोलला." त्या माणसाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा काका आठवडाभर काळजीत होते.

आता गावाचा इतिहास. हा मी स्वतः वाचलेला नाही, जिन्यात ऐकलेला आहे.

मार्लो नावाचे दोन भाऊ नदीच्या वळणावर आले. एकाला पिठाची गिरणी काढायची होती, दुसऱ्याला चर्च. भांडण झालं, जमीन वाटली गेली. दोघांनीही आपापल्या टोकाकडून एकच मोठा रस्ता आखायला घेतला, पण बोलणं बंद असल्यामुळे विचारणार कोण? दोन्ही रस्ते मधोमध येऊन भेटले तेव्हा एका घराच्या रुंदीएवढा फरक पडला. आजही त्या मुख्य रस्त्याला मध्येच एक आडवं वळण आहे. "भाऊ मरून कुठल्या कुठे गेले," काका म्हणायचे, "पण भांडणापायी अजून सगळं गाव ब्रेक मारतंय."

कोर्टाच्या इमारतीवर मनोरा आहे आणि त्याला घड्याळाच्या तीनच तबकड्या आहेत. उत्तरेकडच्या शेतकऱ्यांनी वर्गणी दिली नाही, म्हणून त्यांच्या बाजूला नुसती भिंत. पुढे झाडूंचा कारखाना निघाला आणि त्यावर गाव चांगलंच पोसलं. शाळेच्या फुटबॉल संघाचं नाव अजूनही 'झाडू' असंच आहे. मग पूर आला. चर्च पायापासून सुटलं, तरंगत रस्त्यापलीकडे गेलं आणि दुसऱ्या, हाडवैरी पंथाच्या मोकळ्या जागेवर सरळ बसलं. लोकांनी हा देवाचा निर्णय मानला आणि दोन्ही पंथ तेव्हापासून एकाच छपराखाली प्रार्थना करतात, फक्त वेळा वेगळ्या. शेवटी रेल्वे आली, ती नदीच्या पलीकडच्या काठाने. मग सगळं गावच उठून रुळांकडे सरकलं आणि जुन्या गिरणीकडचा रस्ता मागे एकटा राहिला.

"आल्झो, तर मग," काका इथं थांबून श्वास घ्यायचे, "हे झालं थोडक्यात."

इतिहास ऐकणं सोपं होतं. भूगोल अवघड, कारण भूगोलासाठी चालावं लागायचं. काका रविवारी फिरायला निघायचे ते नेकारसुल्ममध्ये, पण चालायचे मार्लो बेंडमध्ये. नेकार नदीला मनातल्या मनात थोडी वाकवली की काम भागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. रेल्वे स्टेशन म्हणजे कॉलेज. द्राक्षांचा उतार म्हणजे पाण्याच्या टाकीची टेकडी. आमची नेहमीची बेकरी जिथं आहे तिथं मार्लो बेंडमध्ये अग्निशमन केंद्र आहे. माझ्या नवऱ्याची लवकरच अशी अवस्था झाली की तो मला सरळ विचारायचा, "अग्निशमनातून ब्रेत्सेल आणू का पाव?"

तळमजल्यावर एक फ्राऊ, म्हणजे जर्मन बाई, राहतात. त्या पक्क्या श्वेबिश आहेत, म्हणजे इथल्याच मातीतल्या आणि स्वच्छतेला कडक. परक्याच्या बुटांना किती माती लागली आहे हे त्या दाराआडून आवाजावरून ओळखतात. पण काका दिसले की त्या विचारायच्या, "उंड, मग काय म्हणतंय मार्लो?" काका सांगायचे, पुलाचं रंगकाम काढलंय. फ्राऊ मान डोलवायच्या. "गेनाऊ, अगदी बरोबर. वेळ झालीच होती." जणू काही त्या रोज त्या पुलावरून भाजी आणायला जात होत्या.

इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीच्या कार्यक्रमाचं नियोजन माझ्याकडे असतं. एका वर्षी मी 'आपलं गाव' असा विषय ठेवला, प्रत्येकाला ठरावीक मिनिटं. कोल्हापूर झालं, नाशिक झालं, अलिबाग झालं. काका उठले, हात वाकवला आणि मार्लो बेंड सुरू केलं.

"अहो काका," मागून कोणीतरी ओरडलं, "आपलं गाव सांगायचंय! कऱ्हाड!"

"कऱ्हाडात आता माझं कोण आहे?" काका म्हणाले आणि चर्च तरंगवायला लागले.

सांगायची गोष्ट म्हणजे, त्या दिवशी मुलं त्याच एका भाषणाला शांत बसली. कोल्हापूरच्या वेळी टेबलाखाली पकडापकडी चालली होती. चर्च तरंगायला लागल्यावर सगळी बाहेर आली, आणि पुढे बसून जर्मनमध्ये विचारत राहिली की चर्चच्या आत तेव्हा कोणी होतं का. "एक मांजर," काकांनी मराठीत उत्तर दिलं. ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही. मी वेळ संपल्याची घंटा वाजवली नाही, एवढं खरं.

आता व्हिसा. काकांनी भारतीय पासपोर्ट सोडलेला नव्हता, त्यामुळे अमेरिकेला जायचं तर फ्रांकफुर्टच्या अमेरिकी वकिलातीत जाऊन मुलाखत देणं भाग. मुलीच्या लग्नाच्या वेळी ते पहिल्यांदा गेले. खिडकीमागच्या अधिकाऱ्याने सहज विचारलं, गावाबद्दल काही माहिती आहे का? एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना आपणहून कोणीही विचारलेला नव्हता. काकांनी सगळं सांगितलं. गावाचं पाणी कुठून येतं, टाक्या कुठे आहेत, कुठल्या पुलाला किती वजन झेपतं, रविवारी पोलिस चौकीत एकच माणूस असतो आणि तो जेवायला घरी जातो.

व्हिसा मिळाला नाही. अधिकाऱ्याला मी अजिबात बोल लावत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. काकांनी लग्न टीव्हीच्या पडद्यावर पाहिलं, इथं एकट्याने सूट घालून. अक्षता टाकल्या त्या टीव्हीवर पडल्या. काही त्यांच्या बुटांबरोबर जिन्यात आल्या; तळमजल्याच्या फ्राऊंनी त्या दुसऱ्या दिवशी झाडल्या आणि प्रथमच तक्रार केली नाही.

मग मागच्या वर्षी मुलीला दिवस गेले. काही महिन्यांनी डॉक्टरांनी तिला झोपूनच राहायला सांगितलं. प्रवासाचा प्रश्नच नव्हता. काका आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं, ताई."

"हो काका, पण तिला येता यायचं नाही."

"तेच म्हणतोय. मग माहेराला जावं लागेल."

माहेर म्हणजे हेच एक गृहस्थ, निवृत्त, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी तयारी सुरू केली. डिंकाचे लाडू करायला शिकले. डिंक फुलवणं, खारीक कुटणं माझ्याकडून घेतलं. वळणं मात्र त्यांच्या पद्धतीने. लाडू व्हर्नियरने मोजायचे. थोडा जरी मोठा भरला तरी बाजूला काढायचे आणि त्याला कारखान्यातला शब्द वापरायचे: "आउसशुस." म्हणजे नापास माल. नापास माल आमच्या घरी यायचा. आमचं घर त्या काळात काकांच्या चुकांवर बरंच धष्टपुष्ट झालं. माझा नवरा तर वरती जाऊन बोलण्यात गुंतवून त्यांचा हात बिघडवायचा प्रयत्न करायचा.

लाडवांचं जमलं. व्हिसाचं काय? मुलीचा फोनवर हुंदका ऐकला तेव्हा मी ठरवलं की हे काम आता मी हातात घ्यायचं. मी कारखान्यांना वेळेवर माल पोचवण्याचं नियोजन करते. एक माणूस ओहायोला पोचवणं काही वेगळं नाही. अडचण कुठे आहे ते स्पष्ट होतं. काकांना फार माहीत होतं. तेव्हा उपाय एकच: काकांनी कमी जाणायला शिकायचं.

सराव आमच्या स्वयंपाकघरात व्हायचा. मी अधिकारी.

"कुठे चाललात?"

"मार्लो बेंड, ओहायो."

"कशासाठी?"

"मुलीच्या बाळंतपणासाठी."

"परत का येणार?"

"जानेवारी संपला की माझी केअरवोखे आहे."

केअरवोखे म्हणजे आमच्या भागातली पद्धत: बिऱ्हाडांनी पाळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी. हे उत्तर मी ठेवलं. जर्मनीत परत येण्याचं एवढं पक्कं कारण मलाही सुचलं नसतं.

"छान. गाव कसं आहे?"

काकांचा डावा हात टेबलावरून उठला. मी तो धरून खाली ठेवला.

"काका, 'छोटं आहे.' बस."

"छोटं आहे." मग लगेच, "म्हणजे आजूबाजूच्या मानाने तसं छोटं नाही, कारण रेल्वे आल्यावर—"

"काका!"

"बरं. छोटं आहे."

"नदी आहे का?"

त्यांच्या कपाळावर घाम आला. "ताई, खोटं कसं बोलू?"

"खोटं नाही. 'आय डोन्ट नो' म्हणायचं."

"मोजमापाच्या खोलीत असं म्हणत नाहीत. तिथं म्हणतात, अजून मोजलं नाही."

"हे त्या खिडकीपुढे म्हणू नका! तसं म्हणालात तर ते विचारतील, मोजायला चाललाय का?"

माझ्या नवऱ्याला चेव आला. तो टेबलापलीकडून म्हणाला, "मिस्टर, मी ऐकलंय त्या मनोऱ्याला चारही बाजूंनी घड्याळं आहेत."

काकांची मान ताठ झाली. मिशा हलल्या. ओठ उघडले, मिटले. आम्ही श्वास रोखून बघत होतो.

"...असतील," काका म्हणाले.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी त्यांना त्यांचाच एक नापास लाडू दिला. ते तो न खाता हातात धरून बसले आणि हळूच म्हणाले, "उत्तरेला नाहीये हो."

मुलाखतीच्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेले. गाडी उशिरा निघाली, जोडगाडी चुकली, पण ते मी धरूनच चालले होते. आत एकट्यालाच सोडतात. समोरच्या बेकरीच्या बाहेर मी बसले. काका आत जाताना पुटपुटत होते, "छोटं आहे, आय डोन्ट नो, छोटं आहे."

बाहेर आले ते पायऱ्यांवरून अशा चालीने की मी उठून उभी राहिले. खुर्चीवर बसले आणि कॉफीच्या कपाकडे बघत राहिले.

"गेलं, ताई."

"काय झालं? नीट सांगा. पहिल्यापासून."

"पहिले तीन प्रश्न आपलेच आले. पटापट दिली उत्तरं. केअरवोखे तर तिने दोनदा विचारलं. बाई होती, तरुण. मग म्हणाली, मार्लो बेंड? ते कुठे आलं?"

"मग?"

"मी म्हटलं, आय डोन्ट नो."

"काका! अहो, हे सांगायचं होतं!"

"तुम्ही म्हणालात ना, गावाबद्दल काहीही विचारलं तरी—"

"बरं बरं. पुढे?"

"ती म्हणाली, तुमची मुलगी राहते ते गाव कुठे आहे हे तुम्हाला माहीत नाही? म्हटलं, नो मॅडम. म्हणाली, मोठं शहर आहे का? म्हटलं, छोटं आहे. नदी आहे? म्हटलं, मे बी." काकांनी डोळे मिटले. "मग ती खुर्चीत मागे सरकली. मागच्या वेळचा तोही असाच मागे सरकला होता. पडद्यावर काहीतरी वाचत बसली. मग म्हणते, गेल्या वेळी तुम्हाला या गावच्या पाण्याच्या टाक्या कुठे आहेत तेसुद्धा माहीत होतं. आता नदी आहे की नाही तेही माहीत नाही?"

मी कपाळाला हात लावला. मागचं सगळं त्यांच्याकडे लिहिलेलं असणार, हे माझ्यासारख्या बाईच्या लक्षात यायला हवं होतं.

"मग मी खरं सांगून टाकलं. म्हटलं, मॅडम, मला सगळं माहीत आहे. माहीत नसल्याचा सराव केलाय. खालच्या मजल्यावरच्या ताईंनी घेतला."

"माझं नाव सांगितलंत?"

"नाही. ताई एवढंच."

"मग?"

"मग तिने विचारलं, जिथं कधी गेला नाहीत त्या गावाचं एवढं सगळं शिकलात कशाला?" काका थांबले. कप त्यांनी बशीत नीट मधोमध ठेवला. "तेव्हा मी सांगितलं. म्हटलं, त्या गावच्या दवाखान्यात आता बाळंतपणं होत नाहीत. तो विभाग बंद केला, मी ती सभा ऐकली आहे. आता पुढच्या गावी जावं लागतं. मध्ये रेल्वे फाटक आहे. तिथं मालगाडी आडवी येऊन उभी राहिली की तासन् तास हलत नाही. माझा जावई पवनचक्क्या दुरुस्त करतो. तो बाहेरगावचा, त्याला एकच रस्ता माहीत. जुन्या गिरणीवरून दुसरा रस्ता आहे, तो रूळ ओलांडत नाही. म्हटलं, मॅडम, तिची आई नाहीये. गाडी आडवी उभी राहिली तर तिच्या शेजारी कोणीतरी असं पाहिजे ज्याला दुसरा रस्ता माहीत आहे."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"ती काय म्हणाली?"

"काहीच नाही. काहीतरी टाइप केलं आणि पासपोर्ट तिकडेच ठेवून घेतला." काकांनी दोन्ही तळवे उलटे करून दाखवले. "मागच्या वेळी निदान परत तरी दिला होता, ताई. आता पासपोर्टही गेला."

मी त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि इतक्या मोठ्याने ओरडले की बेकरीतली बाई बाहेर आली.

"काका! नाकारला की परत देतात! ठेवून घेतला म्हणजे त्यावर शिक्का मारणार! मिळाला तुम्हाला!"

"मिळाला म्हणजे?"

"व्हिसा! मिळाला!"

त्यांना ते पटायला बराच वेळ लागला. परतीच्या गाडीत हायडेलबर्गपर्यंत ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते, "नक्की? असंच असतं का?" मग एकदम खिडकीकडे तोंड करून बसले. मी माझ्या फोनवर पुढच्या कामांची यादी करायला घेतली: तिकीट, विमा, लाडवांचे डबे, वरच्या झाडांना पाणी. कामं लिहीत राहिलं की माणसाला दुसऱ्याच्या रडण्याकडे बघावं लागत नाही.

निघायच्या दिवशी तळमजल्याच्या फ्राऊ जिन्यात उभ्या होत्या. मुक्काम लांबला तर काकांची केअरवोखे त्या स्वतः करतील, असं त्यांनी जाहीर केलं. परदेशी लोकांना हे समजणार नाही, म्हणून सांगते: दुसऱ्याची केअरवोखे आपणहून घेणं आमच्या इमारतीत तोपर्यंत झालेलं नव्हतं. काकांनी त्यांचा हात हातात घेतला. "मार्लोला माझा नमस्कार," फ्राऊ म्हणाल्या आणि लगेच आत जाऊन दार लावलं.

बाळ जानेवारीत झालं. मुलगी. दुसऱ्या दिवशी बाळाच्या आईचाच फोन आला, आणि ती अर्थातच जर्मनमध्ये बोलत होती.

"फाटकावर मालगाडी होती का गं?" माझा पहिला प्रश्न हाच होता. माणसाने आधी तब्येत विचारावी, पण मला राहवलं नाही.

ती हसली. नव्हती. फाटक उघडं होतं, रस्ता मोकळा होता, चांदणं पडलं होतं. नेहमीच्याच रस्त्याने ते सरळ गेले. फक्त पुढच्या गावात शिरल्यावर तिचा नवरा गोंधळला आणि त्याने मागे वळून विचारलं, डावीकडे की उजवीकडे? पापा मागच्या सीटवर तिचा हात धरून बसले होते. त्यांना ते ऐकूच आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, तरी नाही. शेवटी तिनेच कळा सोसत सांगितलं, डावीकडे.

"आणि काका?"

"पापा सारखं मराठीत तेच तेच म्हणत होते," ती म्हणाली. "आलंच बघ, आलंच बघ. कुठे ते मात्र बघत नव्हते."

आता काकांना तिकडे जाऊन काही महिने झाले. परवानगी संपायच्या आत त्यांनी परत यायचं आहे आणि ती तारीख माझ्या कॅलेंडरवर लाल रंगात आहे. त्यांच्या झाडांना मी पाणी घालते. नगरपालिकेच्या सभा इथं आता कोणी बघत नाही. फ्राऊ भेटल्या की मला विचारतात, मार्लोचं काय? आणि माझ्याकडे सांगायला काही नसतं.

म्हणून परवा मी मुद्दाम व्हिडिओवर फोन लावला. त्यांच्याकडे भर दुपार होती, पण खोलीत अंधार. काका खालच्या आवाजात बोलत होते. मांडीवर धुतलेल्या लंगोटांचा ढीग होता आणि ते एकेकाची घडी घालत होते, कडेला कड लावून.

"काका, तुमचं घर म्हणे अगदी चौकात आहे? समोरच कोर्ट दिसतं?"

"हो म्हणतात."

"म्हणतात काय! गेलात की नाही गावात? पूल, चर्च, गिरणी? इथं सगळे विचारतात. काहीतरी सांगा की!"

पलीकडे बाळाने बारीक आवाज केला. काकांनी बोट ओठांवर ठेवलं, बराच वेळ तिकडे कान देऊन राहिले, मग पुन्हा माझ्याकडे वळले.

"निवांत जाईन हो कधीतरी," ते कुजबुजले. "फोन खिडकीकडे करा म्हणू नका, ताई. पडदा ओढलाय. उजेड आला की ती जागी होते."